फळमाशीच्या डोळ्यात कॅल्शियम येतं कुठून?

माशीवाली:
एम.एस्सी.चा प्रोजेक्ट फळमाशीच्या प्रकाशग्राही पेशींवर आहे. प्रकाश पडल्यावरची नेहमीची साखळी पाठ आहे: प्रकाश शोषणारं रोडॉप्सिन, त्याने जागं होणारं जीक्यू प्रथिन, फॉस्फोलायपेज सी हे विकर, ते पीआयपी-२ हा पटलातला लिपिड तोडतं त्यातून सुटणारं आयपी-३ आणि त्याने उघडणारा पेशीतला कॅल्शियमचा साठा. पण लॅबमधली सीनियर म्हणते, माशीच्या डोळ्यात शेवटची कडी लागूच होत नाही. खरं का? आणि जीकॅम्प-६एफने (कॅल्शियम वाढलं की जास्त चमकणारं प्रथिन) मोजायचं तर निळा प्रकाश टाकावा लागतो, त्यानेच पेशी उत्तेजित होते. मग अंधारातली मूळ पातळी मिळणार कशी?

रॅबडोमिअर:
सीनियरचं बरोबर आहे. कॅल्शियम मुख्यतः बाहेरून येतं, टीआरपी चॅनलमधून, म्हणजे पेशीच्या पटलातल्या आयनांच्या दारांतून. आयपी-३चा रिसेप्टर काढून टाकलेल्या डोळ्यांचा प्रतिसाद १९९७ आणि २००० च्या कामांत नेहमीसारखाच निघाला. २०१५ मध्ये उलट दावा झाला होता: रिसेप्टर आरएनएआयने (जनुक दाबण्याची पद्धत) कमी केला की प्रतिसाद घटतो. केंब्रिजच्या रॉजर हार्डी यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की तो दोष गॅल-४ मुळेच येतो, म्हणजे आरएनएआय चालू करायला माशीत घातलेल्या प्रथिनामुळे. म्हणून आरएनएआय करणार असाल तर नुसत्या गॅल-४ च्या माश्या कंट्रोलला हव्यातच. हे मी प्रत्येक नव्या मुलामुलीला सांगतो.

आता जागा किती लहान आहे ते बघा. एका पेशीत सुमारे ३०,००० मायक्रोव्हिलाय (प्रकाश टिपणारे बोटांसारखे बारीक उंचवटे), प्रत्येकाची जाडी जेमतेम ६० नॅनोमीटर, लांबी दीड मायक्रॉनच्या आसपास. आकारमान काढून पाहा: आत एक मुक्त आयन म्हणजे साधारण ०.४ मायक्रोमोलर! अंधारातली पातळी त्याहून कमी, म्हणजे बहुतेक वेळा आत एकही मुक्त आयन नसतो. एक फोटॉन आला, चॅनल उघडले, की तिथे हीच पातळी क्षणभर मिलिमोलरपर्यंत चढते. हेच कॅल्शियम आधी उरलेले चॅनल उघडायला मदत करतं आणि लगेच त्यांना बंदही करतं. माशीची नजर इतकी चपळ आहे ती यामुळे. मला तरी जीवशास्त्रात याहून सुंदर हिशेब माहीत नाही.

निळा_दिवा:
मोजमापाचं मी सांगते. दिवा लागल्याबरोबर कॅल्शियम चढत नाही, पहिले काही मिलिसेकंद मोकळे मिळतात. मूळ पातळी तिथेच घ्यायची, म्हणून कॅमेऱ्यापेक्षा फोटोमल्टिप्लायर (मंद प्रकाश झटपट मोजणारं उपकरण) बरा. सोबत नॉरप-ए म्युटंट ठेवा. त्यात फॉस्फोलायपेज सी नाही, त्यामुळे प्रकाशाने कॅल्शियम चढत नाही. दोन मोजमापांच्या मध्ये नारिंगी प्रकाश द्या: निळ्याने रोडॉप्सिनचं मेटारोडॉप्सिन होतं, ते ५७० नॅनोमीटरच्या आसपास शोषतं आणि परत रोडॉप्सिन बनतं. हे टाळलंत तर पेशी दिवा बंद झाल्यावरही उत्तेजितच राहते. डोळ्यांचा रंग सगळ्या माश्यांत सारखा ठेवा, ट्रान्सजीनबरोबर (बाहेरून घातलेलं जनुक) मिनी-व्हाइट हे डोळ्याला रंग देणारं जनुक येतं आणि रंग बदलतो.

माशीवाली:
दोघांचे मनापासून आभार. बाहेरचं कॅल्शियम काढून टाकलं तर वाढ पूर्ण थांबायला हवी ना? आणि टीआरपी उघडतं तरी कशाने?

रॅबडोमिअर:
पूर्ण थांबत नाही, थोडी वाढ दिसतेच. ती बघून ‘आयपी-३’ लिहून मोकळे होऊ नका. आत शिरणारं सोडियम आणि सोडियम-कॅल्शियम एक्सचेंजर तपासा, हार्डींच्याच गटाचं २०२० चं काम त्यावर आहे. उघडण्याबद्दल अजून वाद आहे. पीआयपी-२ तुटताना प्रोटॉन सुटतात आणि पटलही आकसतं. २०१२ मध्ये हार्डी आणि फ्रान्झे यांनी प्रकाश पडताच होणारं हे आकुंचन अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने (बारीक टोकाने पृष्ठभाग चाचपणारं यंत्र) मोजलं. आधी तो पेपर वाचा, मग पुढचं बोलू.