प्रति: शेतातल्या घराला टस्कन लूक

उघड्या दगडी भिंती आणि वर जाड लाकडी तुळया, हा टस्कन लूकसाठी (इटलीतल्या टस्कनी भागातल्या घरांसारखा) तुम्हाला इथं मिळालेला सल्ला दिसायला झकास. पण घर औशाकडं (लातूर जिल्हा) बांधताय ना? १९९३च्या भूकंपात तिथल्याच किल्लारी भागात नेमकी अशीच घरं बसली. मातीत रचलेला दगड, भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधणारा आरपार दगड नाही, आणि माळवदावर (लाकडावर माती घातलेल्या सपाट छतावर) वर्षानुवर्षं चढवलेली माती. त्यामुळं सांगाडा आरसीसीचाच करा, दगड आतून फक्त पातळ चिकटवा. तुळया जुन्या वाड्याच्या सागवानी मिळाल्या तर घ्या, फक्त वाळवी बघून. बाकी तो उबदार रंग महागड्या टेक्स्चर पेंटनं येत नाही (माझं मत!). भिजवलेल्या चुन्याच्या पातळ सफेदीत थोडी पिवडी (पिवळी माती) घाला, सुकल्यावर रंग बराच फिका पडतो, म्हणून आधी कोपऱ्यात लावून बघा.