भित्तिपत्रकावर सिस्टर-डॉक्टरांना जागा द्यायची की नाही?

झाडीची लेक
आपल्या तालुक्याच्या वाचनालयात ८ मार्चला बायकांच्या आरोग्यासाठी झटलेल्या स्त्रियांवर भित्तिपत्रक लागतंय. आनंदीबाई जोशी, रखमाबाई राऊत, नागपूरच्या कमलाताई होस्पेट ही नावं ठरली. मी डॉ. ॲना डेंगल या सिस्टरचं, म्हणजे कॅथलिक ननचं, नाव दिलं, तर "मिशनऱ्यांची जाहिरात नको" म्हणून ते खोडलं. मला हे अजिबात पटलेलं नाही.

गोष्ट फाळणीआधीच्या रावळपिंडीची. पडद्यातल्या बाया पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नसत. बाळंतपण अडलं की बाई घरातच दगावायची. ॲग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश डॉक्टर सत्तरी उलटल्यावर तिथे गेल्या आणि बायका-लेकरांसाठी सेंट कॅथरिन्स हॉस्पिटल उभं केलं. पण लेडी डॉक्टर आणायची कुठून? कॅथलिक सिस्टर तयार होत्या, पण व्रत घेतलेल्या बाईने डॉक्टरकी करू नये, त्यातही बाळंतपण तर नाहीच, असा चर्चचा कायदा. मॅक्लारेनबाईंनी रोमकडे, म्हणजे पोपच्या धर्मपीठाकडे, अर्जांवर अर्ज केले. १९१३ ला त्या वारल्या, तोवर काही हललं नव्हतं.

त्यांच्या पत्रांनी भारलेली ऑस्ट्रियाची ॲना डेंगल आयर्लंडमध्ये कॉर्कला शिकून १९१९ ला डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी रावळपिंडीला पोचली. एकटीने किती बाया पाहणार? म्हणून १९२५ मध्ये वॉशिंग्टनला चौघींनी मिळून मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ काढला. बंदी कायमच होती, त्यामुळे जाहीर व्रतं न घेताच काम सुरू केलं. रावळपिंडीचं होली फॅमिली हॉस्पिटल याच संघाने काढलेलं. रोमने बंदी उठवली ती थेट १९३६ मध्ये. अडलेल्या बाईला हात लावता यावा म्हणून या बाया स्वतःच्याच धर्मपीठाशी भांडल्या. आनंदीबाईंच्या शेजारी त्यांचा फोटो का लागू नये?

वर्धाकाठचे मास्तर
ताई, माहिती चांगली आहे, पण एका बाजूची आहे. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती तेव्हा, १९५४ मध्ये, सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्या. भवानीशंकर नियोगींची समिती नेमली. नियोगी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश. समिती आपल्या अमरावती, यवतमाळकडेही फिरली. १९५६ च्या अहवालात स्पष्ट शिफारस आहे की वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी थेट वापर कायद्याने बंद करावा. खाटेवर पडलेल्या माणसाइतकं दुबळं कोणी नसतं, त्याच्या उशाशी धर्म मांडू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि कमलाताईंकडे पाहा. लहान वयात वैधव्य आलं, त्या नर्सिंग शिकल्या आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत नागपुरात मातृसेवा संघ उभा केला. कोणत्याही धर्मपीठाचा आधार त्यांना नव्हता. जागा मर्यादित असेल तर आधी आपल्या मातीतल्या बाया लावा.

झाडीची लेक
मास्तर, कमलाताईंना कोणी हलवत नाही, त्या पहिल्याच रांगेत आहेत. नियोगी अहवाल एकतर्फी आहे म्हणून ख्रिस्ती संस्थांनी तेव्हाच नाकारला होता, तेही सांगायला हवं. आणि सिस्टर-डॉक्टर म्हणजे एकट्या डेंगलबाई नव्हेत. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी १९२० ला गुंटूरला आल्या, रोमची खास परवानगी काढून सिस्टर झाल्यावरही डॉक्टरकी करत राहिल्या. देशातल्या कॅथलिक दवाखान्यांची संघटना त्यांनी १९४३ मध्ये बांधली.

निवृत्त स्टाफ नर्स
मास्तर, "आपल्या मातीतल्या" म्हणता, म्हणून लिहिते. गावात बाळंतिणीची वार उचलायची, नाळ कापायची, रक्ताचे कपडे धुवायचे ही कामं कोणत्या जातींच्या बायांवर टाकली होती हे तुम्हाला माहीत आहे. त्यांना हा समाज शिवत नव्हता. मी नर्सिंगला निघाले तेव्हा आमच्या घरात चूल पेटली नाही. विटाळाचं काम, त्यात रात्रपाळी!

मला लेबर रूमचं काम एका केरळच्या सिस्टरांनी शिकवलं. पार्टोग्राफचा कागद समोर ठेवायच्या. गर्भाशयाचं तोंड किती उघडलं त्याची फुली मारायची, बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने मोजून लिहायचे. फुल्यांची रेघ धोक्याच्या रेघेकडे सरकली की गाडी बोलवायची, वाट पाहत बसायचं नाही. पहाटे तीनलाही त्या स्वतः पोटावर हात ठेवून कळा मोजत असायच्या, आणि वार पूर्ण पडली का ते ट्रेमध्ये उलटून स्वतः पाहायच्या. एवढी वर्षं सोबत काम केलं, धर्माचा एक शब्द माझ्याशी बोलल्या नाहीत.

आशाताई, पुसदकडची
मले दोन्हीकडचं पटत नाई. मी गावात आशा हाये. आमच्याकडची एक बाई सिस्टरच्या दवाखान्यात गेली, नाव सांगत नाई. तिसरं लेकरू, सीझर झालं. बाई पयलेच बोलली होती का पोट उघडलंच हाये तं नसबंदीचं ऑपरेशन बी करून द्या. सिस्टर म्हणे आमच्याकडे होत नाई, तुम्ही ग्रामीण रुग्णालयात करा. आता तिले अंगावरचं लेकरू घेऊन पुन्हा भुलीचं इंजेक्शन, पुन्हा टाके, अन् घरी निंदणाचे दिवस. ते गेलीच नाई. वर्षाच्या आत चौथ्यांदा दिवस गेले. सिस्टर लय मायेनं करते, मी नाई म्हणत नाई. पण बाईच्या आंगावर निर्णय कोणाचा? रोमचाच ना?

वर्धाकाठचे मास्तर
मी धर्मांतरावर बोललो, पण ताईंचा मुद्दा त्याहून मोठा आहे. बाईंनो, याचं उत्तर द्या.

झाडीची लेक
आशाताई, हे खरं आहे. १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी परिपत्रक काढून गर्भनिरोधनाची साधनं आणि नसबंदी दोन्ही नाकारली, म्हणून कॅथलिक दवाखान्यात ते ऑपरेशन होत नाही. त्या बाईला तिथे जायच्या आधीच हे कोणीतरी सांगायला हवं होतं. भित्तिपत्रकावर हेही लिहा, १९३६ च्या खालीच लिहा, माझी हरकत नाही. पण त्यासाठी आधी डेंगलबाईंचं नाव तरी तिथे लागू द्या.

निवृत्त स्टाफ नर्स
ऑपरेशनचं मलाही खटकायचं. मी बाईला सातव्या महिन्यातच सांगून ठेवायची, की ऑपरेशन पाहिजे असेल तर डिलिव्हरीलाच सरकारीत जा. सिस्टरांना ते ठाऊक होतं, त्यांनी मला कधी अडवलं नाही.

आशाताई, पुसदकडची
ताई, तुम्ही सांगत होत्या. सगळीकडे तुमच्यासारखी नर्स नसते. दारावर पाटी लावा ना, का इथं हे ऑपरेशन होत नाई. बाई येतानाच वाचन, नाई तं मी वाचून सांगीन.

वर्धाकाठचे मास्तर
रविवारी चार वाजता वाचनालयात बैठक आहे. मी विरोधातच मत देणार, नियोगी अहवालातली ती शिफारस वाचूनही दाखवणार. आशाताई, जमलं तर तुम्ही या, आणि हे सगळं वाचनालयाच्या समितीसमोर बोला.