विमान उभं असताना ब्रेक गरम कसे होतात?

कृष्णाकाठ (सांगली):
परवा दिल्लीवरून पुण्याला येत होतो, विमान आधीच उशिरा आलेलं, घाईघाईत आत बसवलं, दार लावलं आणि मग कॅप्टन म्हणतोय ब्रेक गरम आहेत, थंड होईपर्यंत निघता येणार नाही. ३५ मिनिटं जागेवर! स्वारगेटवरनं रात्रीची सांगली गाडी गेली ती गेलीच. माझी शंका साधी आहे, विमान तर केव्हाचं उभं होतं, मग ब्रेक तापले कधी? शेजारचे काका म्हणत होते हा बहाणा असतोय.

रॅम्पवाला (मूळ तासगाव):
बहाणा नाय ओ दादा. मी रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवर काम केलंय. लँडिंगला सगळी उष्णता ब्रेकच्या चकत्यांमध्ये जाते, आणि विमान थांबलं तरी ती लगेच कमी होत नाही, उलट आतून पसरत जाते म्हणून कॉकपिटमधला आकडा थांबल्यावर १०-१५ मिनिटं चढतच असतो. म्हणून तर आम्ही आल्याआल्या चाकांना चॉक (अडकण) लावतो आणि मग पार्किंग ब्रेक सोडायला सांगतो, ब्रेक दाबलेला राहिला तर गार व्हायला जास्त वेळ लागतो. एअरबस ए३२० विमानाला ब्रेक ३०० अंशाच्या वर असेल तर टेकऑफ करायचाच नाही. लांब टॅक्सी (जमिनीवर चाकांवरनं चालणं), छोटी धावपट्टी, लगेच परतीची फेरी असं सगळं जुळलं की मग बसा.

पसरणीघाट (वाई):
सेम आमच्या ट्रकचं. पाचगणीवरनं लोड गाडी गिअरवर न उतरवता ब्रेकवर उतरवली की वाईत येऊन थांबल्यावरच खरा वास सुटतो. आणि कोणीतरी शहाणा ड्रमवर पाणी मारतो, मग तडा गेला की बसतो बोंबलत. विमानाला पाणी मारतात का?

रॅम्पवाला:
अजिबात नाही. पंखे लावतात नाहीतर वाट बघतात. आणि तापलेल्या चाकाच्या बाजूला उभं राहायचं नाही, जायचंच झालं तर पुढून किंवा मागून. टायरमध्ये २०० पीएसआयच्या आसपास दाबानं नायट्रोजन असतो राव, म्हणून रिममध्ये फ्यूज प्लग असतात, फार तापलं की ते वितळून हवा सोडतात, टायर फुटण्यापेक्षा बसलेला बरा.

कृष्णाकाठ:
पण वर गेल्यावर वाऱ्यानं गार होणारच की, उडाले असते तर काय बिघडलं असतं?

रॅम्पवाला:
वर गेल्यावर चाकं पोटात जातात, तिथं कसला वारा. १९८६ ला मेक्सिकाना या विमान कंपनीच्या बोईंग ७२७ चं हेच झालं, मेक्सिको सिटीत टॅक्सी करताना एक ब्रेक घासत राहिला, चाक तापलं, त्यात टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली, वर गेल्यावर टायर फुटला, आग लागली, १६७ माणसं गेली. आणि दुसरं, टेकऑफ अर्ध्यात सोडायची वेळ आली तर ब्रेकला सगळ्यात जास्त ताकद तेव्हाच लागते, आधीच तापलेला ब्रेक तेव्हा काय थांबवणार?

पसरणीघाट:
म्हणजे गाडी गेली ते बरंच झालं म्हणायचं 😄

कृष्णाकाठ:
बरं कसलं, पहाटेपर्यंत स्वारगेटला डास मारत बसलो. पण त्या काकांचा नंबर घ्यायला पाहिजे होता.