डॉ. पेंटल यांच्यावर वीस मिनिटं बोलायचंय, पुरस्कार सोडून काय सांगू?

कुळागरवाला (फोंडा)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा कुणीतरी उभं राहून वीस मिनिटं बोलतं. समोर पंधरा-वीस माणसं, त्यातली निम्मी चहाची वाट पाहणारी. या महिन्यात पाळी माझी. मी निवृत्त बँकवाला, विज्ञानाशी संबंध दहावीच्या मार्कांपुरता.

विषय कसा सुचला ते सांगतो. मुलगी बांबोळीला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. मे महिन्यात आम्ही पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर चढलो. निम्म्यावर मला धाप लागली, पायांतलं त्राण गेलं आणि मी मटकन बसलो. ती हसून म्हणाली, "पप्पा, तुमचे 'जे' (इंग्रजी J) रिसेप्टर बोलतायत." घरी येऊन तिने तिचं जाडजूड पुस्तक उघडून दाखवलं. त्यात फुप्फुसातल्या या खबर देणाऱ्या नसांवर एक परिच्छेद आणि कंसात एक नाव: पेंटल. सगळ्या विलायती नावांत हे एकच आपल्याकडचं, म्हणून हौसेने शोधलं. अवतारसिंग पेंटल, जन्म १९२५, ब्रह्मदेशातल्या मोगोकचा. १९८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो, १९८६ साली पद्मविभूषण, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे महासंचालक. मृत्यू २००४.

यादी झाली, पण ती वाचून दाखवायला दोन मिनिटं पुरतात. उरलेल्या अठरांत काय सांगू? हा माणूस दिवसभर नेमकं करायचा काय? आणि पुस्तकातल्या एका परिच्छेदाला 'प्रभाव' म्हणायचं का?

बेडूकमामा (म्हापसा)

कुळागरवालाबाब, मी डॉक्टर नव्हे. एका मेडिकल कॉलेजच्या फिजिऑलॉजी (शरीरक्रियाशास्त्र) विभागात ३१ वर्षं टेक्निशियन होतो. मुलं मला बेडूकमामा म्हणायची, कारण प्रॅक्टिकलच्या सकाळी बेडूक तयार ठेवायचं काम माझं. (हो, तेच बेडूक, ज्यांना आपल्याकडे पावसात लोक टॉर्च घेऊन पकडतात आणि 'जंपिंग चिकन' म्हणून ताटात वाढतात. कायद्याने बंदी आहे, तरी.) मी माझ्या बाजूने, म्हणजे टेबलाच्या बाजूने सांगतो.

त्या काळी आमच्याकडे कायमोग्राफ असे. फिरणारं पिंप, त्यावर काजळी धरलेला कागद, बेडकाच्या पायाचा स्नायू आकसला की सुई काजळी खरवडून रेघ ओढायची. मग तो कागद राळेच्या द्रावणात बुडवून वाळत घालायचा. माझ्या शर्टांच्या बाह्या कायम काळ्या. त्या प्रयोगात आम्ही अख्खी नस उचलायचो, शिवणाच्या दोऱ्याएवढी जाड, आणि तिला एकदम झटका द्यायचो. म्हणजे अख्ख्या बाजाराला एकदम ओरडायला लावायचं आणि 'आवाज आला' म्हणून वहीत लिहायचं.

पेंटल यांनी जे केलं ते याच्या बरोब्बर उलट. १९५० च्या सुमारास ते एडिनबरोला डेव्हिड व्हिटरिज यांच्याकडे पीएचडीला गेले. तिथे हात बसला तो एकेक तंतू सोडवण्याच्या कामावर. मांजराच्या मानेतली व्हेगस नस घ्यायची. हिच्यात हजारो तंतू असतात आणि त्यातले बहुतेक खालून वर, म्हणजे हृदय-फुप्फुस-पोटाकडून मेंदूकडे बातमी नेणारे. नस सुकू नये म्हणून ती लिक्विड पॅराफिनच्या डबक्यात ठेवायची आणि भिंगाखाली बारीक चिमट्यांनी तिच्या धाग्यांचे धागे करत जायचं. नसेतल्या विजेचे ठोके ऐकायला तार लाऊडस्पीकरला जोडलेली. सुरुवातीला नुसती खरखर. चिरत चिरत गेलं की कधीतरी एकच टक्-टक् उरते. ती टक्-टक् श्वासाबरोबर येते का, हृदयाच्या ठोक्याबरोबर येते का, ते ऐकायचं. शेकडो वेळा चिरावं तेव्हा हवा तो तंतू हाती लागतो.

मी एकदा संध्याकाळी सगळे गेल्यावर बेडकाच्या नसेवर हे करून पाहिलं. दोन तासांत हातात लगदा आला. तुमच्या श्रोत्यांना एवढं एक सांगितलंत तरी पाच मिनिटं सार्थकी लागतील. केळीच्या सोपातून एक उभा तंतू न तुटता काढून दाखवा म्हणावं, मग बोलू.

या पद्धतीने त्यांनी काय काय ऐकलं? हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले दोन तऱ्हेचे ग्राहक (म्हणजे रिसेप्टर, शरीरातला बदल टिपणारी नसांची टोकं) वेगळे केले, ए आणि बी. बी हे कप्पा रक्ताने भरताना बोलतात, म्हणजे शरीरात रक्त किती आहे याची खबर देणारे. १९५४ साली जठरातले ताण ओळखणारे ग्राहक, आणि पोट भरलं हे मेंदूला कळण्यात त्यांचा वाटा. १९६० साली स्नायूंतले दाब आणि वेदना सांगणारे बारीक तंतू. आणि १९५५ साली फुप्फुसातले ते, ज्यांच्यामुळे तुमची मुलगी हसली.

आता मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट. १९५५ मध्ये त्यांनी या ग्राहकांना 'जे' म्हटलंच नव्हतं. फुप्फुसातली हवा जोराने काढून घेतली की ते बोलायचे, म्हणून नाव दिलं 'डिफ्लेशन रिसेप्टर'. त्या निबंधाच्या मथळ्यातच बटाट्याचा स्टार्च आहे! स्टार्चचे कण शिरेतून सोडले की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत जाऊन अडकतात आणि हे तंतू टकटकू लागतात. फिनाइल डायग्वानाइड नावाचं रसायन टोचलं तरी तेच. मग दिल्लीला, आधी एम्स आणि १९६४ पासून वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट, ते याच तंतूंपाशी परत परत गेले. औषध हृदयाच्या उजव्या बाजूला सोडलं तर तंतू लगेच बोलतो. औषधी वाफ श्वासातून दिली तरी लगेच. म्हणजे याचं घर रक्ताच्या केशवाहिनीला आणि हवेच्या पिशवीला, दोघांनाही खेटून. आणि हवा जाणं हे त्याचं खरं कारण नव्हेच. केशवाहिन्यांत रक्त तुंबलं, पाणी झिरपून आजूबाजूची जागा फुगू लागली, की तो बोलतो. १९६९ च्या निबंधात ही मांडणी आली, जुनं नाव मागे पडलं आणि 'जे रिसेप्टर' हे नाव आलं. 'जे' म्हणजे लॅटिन 'जुक्स्टा', शेजारी, म्हणजे केशवाहिनीच्या शेजारचे. आमच्या विभागातले एक जुने डॉक्टर पोर्तुगीज शाळेत शिकलेले, ते मुलांना म्हणायचे, "आरे, 'जुंतु' (पोर्तुगीजमध्ये जवळ) आठव, लक्षात राहील!"

स्वतः शोधलेल्या गोष्टीला स्वतः दिलेलं नाव चौदा वर्षांनी स्वतःच बदलायचं. तुम्ही बँकेत होता, आपल्याच सहीचं व्हाउचर आपणच रद्द करताना कसं वाटतं ते तुम्हाला ठाऊक. माझं ऐकाल तर भाषण इथून सुरू करा. मोगोक आणि पद्मविभूषण शेवटी, चहा येताना.

बाकी थोडक्यात: लखनौला शिकताना त्यांनी मनोरुग्णांच्या आणि धडधाकट माणसांच्या त्वचेचा विद्युतरोध मोजून तुलना केली होती, तेही मजेशीर. आणि १९८६ मध्ये संशोधनातली लबाडी उघड करण्यासाठी सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज निघाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच.

दूधसागर_पायवाट

मामा, वाचून जीव गार झाला. पण एक शंका. मी दरवर्षी हिमालयात जातो. आमचा लीडर सांगायचा की चढावर पाय लटके पडतात ते 'जे' रिफ्लेक्समुळे (या ग्राहकांनी आपोआप घडवलेल्या प्रतिक्रियेमुळे), शरीर आपल्याला बसवतं. मग कुळागरवाल्यांचंही तेच झालं ना?

बेडूकमामा (म्हापसा)

इथे जरा थांबा. मांजरात ते दिसलं होतं: 'जे' ग्राहक चेतवले की श्वास उथळ आणि जलद, ठोके मंद, रक्तदाब खाली, आणि पायांच्या स्नायूंची हालचाल दबते. पेंटल यांचा कयास असा की हे एक प्रकारचं राखणदार यंत्र आहे. फार व्यायामाने फुप्फुसात पाणी साचू लागलं तर माणसाला थांबवायचं. कल्पना देखणी. माणसांवर हे ग्राहक चेतवणारं लोबेलिन नावाचं द्रव्य शिरेतून देऊन पाहिलं, तेव्हा घशात-छातीत घुसमट आणि कोरडा खोकला आला. एवढं पटलं. पण १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गँडेव्हिया आणि सहकाऱ्यांनी जागेपणी माणसांना लोबेलिन देऊन स्नायूंची ताकद मोजली, तर ती घटलीच नाही. म्हणजे माणसात पाय लटके पाडणारा भाग तरी तसा सापडला नाही. नावावरूनही भांडण आहे. कोलरिज हे संशोधक दांपत्य आणि त्यांच्या मागचे बरेच जण 'जे' न म्हणता 'पल्मनरी सी-फायबर' (फुप्फुसातले बारीक तंतू) म्हणतात.

कुळागरवालाबाब, तुमच्या मुलीचा विनोद विनोद म्हणूनच घ्या. चंद्रनाथावर बसायला मे महिना आणि पासष्टी पुरते. तरी एकदा ईसीजी काढून घ्या, धाप आणि पाय एकदम गेले म्हणता म्हणून सांगतो.

माडाचीसावली

मी एका रुग्णालयात छातीच्या वॉर्डात नर्स आहे. प्रभावाचं विचारलंत म्हणून लिहिते. हृदय कमजोर झालेला पेशंट रात्री दोनला उठून बसतो, भराभर छोटे छोटे श्वास घेतो. ऑक्सिजनचा आकडा कधी कधी ठीकठाक असतो तरी घुसमट जात नाही. शिकताना आम्हाला सांगितलं होतं की नुसत्या ऑक्सिजनचा हिशेब पुरत नाही, फुप्फुसात पाणी चढलं की तिथल्या नसाही ओरडतात. लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, पाणी उतरलं की श्वास लांब होतो. पेंटल हे नाव मी आज पहिल्यांदा वाचलं. पण "आकडा बरा आहे, उगाच घाबरू नका" असं मी पेशंटला कधी म्हणत नाही, ते बहुधा यांच्यामुळेच.

पिकुटलेला_आंबो

सगळं खरं, पण किती मांजरं गेली त्याचा हिशेब कुणी देणार का? आणि मामांनी किती बेडूक?

बेडूकमामा (म्हापसा)

माझे मोजलेले नाहीत, आणि मोजायची हिंमतही नाही. आता कॉलेजांत ते प्रॅक्टिकल संगणकावर दाखवतात. बरंच झालं म्हणतो. रेघ मात्र काजळीवरचीच खरी वाटायची. तंतूंचं कळलं ते मांजरांमुळेच, हे भाषणात लपवू नका.

कुळागरवाला (फोंडा)

मंडळी, देव बरें करूं. ईसीजी काढला, डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, बाकी ठीक. (मुलगी मागून: "मीही तेच म्हणत होते.")

भाषण असं ठरवलंय. सुरुवातीला वाचनालयातल्या टेबलावर केळीचा सोप ठेवणार आणि पहिल्या रांगेतल्या शिंपीकाकांना एक तंतू काढायला लावणार. ते काढत असतानाच मी एडिनबरो, पॅराफिन आणि टक्-टक् सांगणार. मग बटाट्याचा स्टार्च, मग नाव बदलल्याची गोष्ट. १९९८ चं ऑस्ट्रेलियाचंही सांगणार, पेंटल यांचा एक कयास माणसात टिकला नाही म्हणून. नर्सबाईंचा रात्री दोनचा पेशंट, परवानगी असेल तर, नाव न घेता. मांजरांचा उल्लेख करीन.

मामा, एकच विचारतो. तो एकट्या तंतूचा आवाज श्रोत्यांना तोंडाने काढून दाखवायचा तर कसा काढू? मुलगी म्हणते घड्याळासारखा, मला वाटतं पावसाच्या थेंबासारखा.

बेडूकमामा (म्हापसा)

दोन्ही नव्हे. कढईत मोहरी तडतडते तसा. पण 'जे' तंतू शांत असताना जवळजवळ गप्पच असतो, कधीतरी एखादी मोहरी. म्हणून आधी चांगला अर्धा मिनिट काहीच बोलू नका, लोक चुळबुळ करू लागले की मग सुरू करा.