ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या मोठ्या माणसांनी वाचाव्यात का?

शब्दसखी

आमच्या वाचनगटात परवा एकमताने ठरलं की अमेरिकेत ज्यांना 'इन्स्पिरेशनल रोमान्स' म्हणतात त्या कादंबऱ्या यादीत घ्यायच्या नाहीत. एकमत म्हणजे मी सोडून सगळ्यांचं. कारण असं सांगितलं गेलं: ज्या गोष्टीत चुंबनापुढे काही घडत नाही, कुणाच्या तोंडी शिवी येत नाही आणि शेवटी नायक-नायिका देवाचे आभार मानून लग्न करतात, ती शाळकरी मुलींसाठी ठीक आहे. मला हे अजिबात पटलेलं नाही.

उदाहरण घेऊनच बोलते. जॅनेट ओक ही कॅनडातली लेखिका. तिची 'लव्ह कम्स सॉफ्टली' १९७९ साली बेथनी हाउस या प्रकाशनाने काढली आणि आजच्या ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांचा ओघ तिथून सुरू झाला असं मानतात. मार्टी ही तरुण मुलगी नवऱ्याबरोबर पश्चिमेच्या माळरानावर आलेली. नवरा अपघातात जातो. पोटात मूल, गाठीला पैसा नाही, माहेर शेकडो मैल लांब. नवऱ्याला मूठमाती दिली त्याच दिवशी क्लार्क नावाचा विधुर तिला लग्नाचं विचारतो. त्याला संसाराची हौस नाही, त्याच्या छोट्या मिसीला आई हवी आहे. तो म्हणतो, वसंतात पूर्वेकडे गाड्यांचा तांडा निघेल. तेव्हाही तुला जावंसं वाटलं तर भाडं मी भरीन, फक्त मिसीला सोबत ने. एवढं बोलून तो स्वतःचं अंथरूण घराला जोडलेल्या पडवीत हलवतो.

मार्टीला स्वयंपाक येत नाही. सकाळी पॅनकेक, दुपारी पॅनकेक, रात्रीही तेच. क्लार्क मुकाट्याने खातो. मग शेजारची ग्रॅहॅम आजी तिला एकेक पदार्थ शिकवते. पुढे पानंच्या पानं कपडे धुणं, मुलीला निजवणं, थंडीची बेगमी हेच चालतं. आणि तरी वाचताना आपल्याला कळत जातं की हा माणूस तिला आवडायला लागलाय, तिला स्वतःला कळायच्या कितीतरी आधी.

शरीराचं बोलायचं नाही असा दंडक असल्यामुळे लेखिकेला सगळं प्रेम कामातून दाखवावं लागतं. कोण लाकडं फोडून ठेवतं, कोण न सांगता पाणी भरतं. आपल्या आयांची, आज्यांची लग्नं अशीच झाली ना? आधी लग्न, मग ओळख, मग माया. त्या संसारांबद्दल इतकं बारकाईने लिहिलेलं मला फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळालं. म्हणून मला या कादंबऱ्या महत्त्वाच्या वाटतात, आणि त्या मोठ्यांनीच वाचाव्यात असं वाटतं.

कोकणवारा

ताई, पडवीचा प्रसंग तुम्ही फार छान सांगितलात. पण माझा आक्षेप पडवीला नाही, प्रार्थनेला आहे.

या कादंबऱ्यांत दोघांपैकी एकाची श्रद्धा डळमळीत असते किंवा मुळात नसतेच. आणि लग्न, किंवा लग्नातलं खरं प्रेम, तेव्हाच फुलतं जेव्हा तो किंवा ती देवाकडे वळते. मार्टीचंही तेच होतं. यामागे बायबलमधल्या, पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला उपदेश आहे (६:१४), की विश्वास न ठेवणाऱ्याशी विजोड नातं जोडू नये. लेखिका आणि प्रकाशक दोघंही तो मनापासून मानतात, त्यात ढोंग नाही. पण कादंबरी म्हणून याचा परिणाम काय होतो? कोण वाकणार हे पहिल्या प्रकरणातच ठरलेलं असतं. मग उरलेली पानं माणसाच्या मनाचा शोध राहत नाहीत.

माझी बायको ख्रिस्ती, मी हिंदू. आमचं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालं. तीस दिवसांची नोटीस, त्या तीस दिवसांत दोन्हीकडच्या नातलगांचे फोन, सगळं सोसलं. आम्हा दोघांनाही कुणी बदलायला लावलं असतं तर हे लग्न झालंच नसतं. या कादंबऱ्यांच्या जगात आमच्यासारख्यांना एकच वाट मोकळी आहे, एकाने बदलायचं. बायकोच्या कपाटात या पुस्तकांचा ढीग आहे आणि ती ती आवडीने वाचते. मला मात्र प्रत्येक वेळी दाराबाहेर उभं केल्यासारखं वाटतं.

मधुरा_पुणे

मी मध्येच घुसते. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, इंग्रजी कादंबऱ्या झपाट्याने वाचते. मोबाइलवर तिच्या हाताला जे लागतं ते बघून पोटात गोळा येतो. शब्दसखी म्हणतात तशी पुस्तकं तिला द्यायला मला आवडेल. आम्ही ख्रिस्ती नाही, त्याने काही बिघडतं का?

वसईची लेक

मधुराताई, ख्रिस्ती नसल्याने काही बिघडत नाही. पण 'ख्रिस्ती' हा शिक्का बघून डोळे मिटून पुस्तक देऊ नका. मी कॅथलिक घरातली, आणि आमच्या पॅरिशमधल्या बायका ज्या एका पुस्तकाचं तोंड भरून कौतुक करतात, त्याच पुस्तकाने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं.

फ्रान्सिन रिव्हर्सची 'रिडीमिंग लव्ह'. १९९१ साली सर्वसाधारण बाजारासाठी आली, १९९७ मध्ये ख्रिस्ती प्रकाशनाने सुधारून पुन्हा काढली, २०२२ मध्ये चित्रपट झाला. बायबलच्या जुन्या करारातल्या होशेया या संदेष्ट्याची गोष्ट १८५० च्या कॅलिफोर्नियात, सोन्याच्या खाणींच्या धामधुमीत आणून बसवली आहे. एंजल लहानपणीच वेश्याव्यवसायात विकली गेलेली, आणि मायकल होशेया या शेतकऱ्याला देव सांगतो की हिच्याशीच लग्न कर.

लग्न कसं होतं बघा. कुंटणखान्यातल्या रखवालदाराने तिला मरेस्तोवर मारलंय, ती धड शुद्धीत नाही, आणि अशा अवस्थेत तिच्या तोंडून कसाबसा होकार निघतो. पुढे ती पळाली की तो तिला परत आणतो. त्याचा हेतू चांगला आहे, त्याचं प्रेम खरं आहे, हे लेखिका पुन्हा पुन्हा सांगते. पण शुद्धीत नसलेल्या बाईचा होकार हा होकार कसा? या पुस्तकांत शय्येचं वर्णन किती असावं याबद्दल एवढी काळजी घेतात. बाईला नाही म्हणता येतंय का, याचीही तेवढीच काळजी घ्यायला हवी होती. रोजच्या जगण्यात आम्ही बायका 'तुझ्या भल्यासाठीच' हे वाक्य ऐकून थकलोय. ते देवाच्या नावाने आलं की त्याच्याशी भांडणं आणखी अवघड होतं.

नगरी वाचक

वसईच्या ताई, त्या कादंबरीचा शेवटही सांगायला हवा. एंजल शेवटचं निघून जाते तेव्हा मायकल तिला आणायला जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ती स्वतःच्या पायावर उभी राहते, तिच्यासारख्या मुलींसाठी आसरा उघडते आणि काही वर्षांनी आपल्या मनाने परतते. लग्नाच्या वेळी जो होकार नव्हता तो तिथे मिळतो. मला हा भाग सगळ्या पुस्तकात खरा वाटला.

आणि आपल्या मराठीला हे सगळं परकं नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ ची. लिहिणारा ख्रिस्ती, विषय विधवांचे हाल. यमुना आणि तिचा नवरा विनायक गावोगाव फिरतात, विधवांची दशा डोळ्यांनी बघतात, मग विनायक जातो आणि यमुनेवर तीच पाळी येते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. पुनर्विवाहाचा कायदा त्याच्या वर्षभर आधीच, १८५६ ला झालेला. प्रेम, श्रद्धा आणि बाईची सुटका एकाच गोष्टीत बांधायची रीत आपल्याकडे तेव्हापासून आहे.

लँकेस्टरकर

पेनसिल्व्हेनियातून लिहितेय. आमच्या गावाबाहेर आमिश लोकांची, म्हणजे जुन्या वळणाने साधं राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, शेतं आहेत, आणि गावातल्या दुकानांत आमिश प्रेमकथांच्या फळ्याच फळ्या. बेव्हर्ली लुईसची 'द शनिंग' १९९७ ला आली आणि तिच्या मागून या पुस्तकांची रांग लागली. लुईस इथलीच, तिच्या आजीने अशाच एका जुन्या वळणाच्या मेनोनाइट समाजातून बाहेर पडून लग्न केलेलं. त्यामुळे तिच्या लिखाणात घरातलं दुःख आहे. मागाहून आलेल्या बऱ्याच जणींबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

मुखपृष्ठावर टोपी घातलेली मुलगी थेट आपल्याकडे बघत असते. आमिश माणसं फोटोसाठी उभी राहत नाहीत, ते त्यांना अहंकाराचं लक्षण वाटतं. कादंबरीतली नायिका शेतात उभी राहून देवाशी मोकळेपणाने बोलते, आपल्याला तारण (पापांतून सुटका) मिळालं म्हणून आनंदाने सांगते. इथले आमिश जेवणाआधी मान खाली घालून मुक्याने प्रार्थना करतात, आणि 'माझं तारण झालं' असं छातीठोकपणे सांगणं त्यांना गर्वाचं वाटतं. म्हणजे कपडे आमिश आणि आतला आत्मा इव्हँजेलिकल, म्हणजे आपली श्रद्धा उघडपणे सांगणाऱ्या प्रॉटेस्टंटांचा. काही आमिश बायका ही पुस्तकं वाचतात हेही खरं, म्हणून त्यांच्या वतीने मी रागवत नाही. पण वाचक म्हणून मला फसवलं गेल्यासारखं वाटतं. दुसऱ्याच्या धर्मावर प्रेमकथा लिहायची तर आधी तो धर्म ऐकून घ्यावा.

शब्दसखी

सगळ्यांचं वाचलं. लँकेस्टरकर, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य. अशी पुस्तकं मी यादीत सुचवणार नाही.

वसईच्या ताई, तुम्ही आणि मी एकाच बाजूला आहोत असं मला वाटतं. म्हणूनच मी 'लव्ह कम्स सॉफ्टली' निवडली. तिथे जाण्याची मुभा पहिल्या दिवशीच दिलेली आहे, भाड्याच्या वचनासकट. मार्टी पुढे राहते ती परत जाता येत असताना राहते, म्हणून तिच्या राहण्याला किंमत आहे. पहिला होकार तिने नाइलाजाने दिला हेही तितकंच खरं, आणि ओक ते लपवत नाही. मार्टी त्या दिवशी आतून धुमसत असते.

कोकणवारा, तुमचं लग्न आणि या कादंबऱ्यांचा नियम यांचं जमणार नाही, ते मी जमवून दाखवायचा प्रयत्नही करत नाही. पण श्रद्धा हा माणसाच्या मनाचा भाग नाही, तो मधे आला की मनाचा शोध संपतो, हे मला मान्य नाही. मार्टीने आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी जेवणाआधी देवाशी बोलताना ऐकलं. हा कुणाशी बोलतोय, हे तिला कळत नाही. अडाणी, शोकात बुडालेल्या मुलीला त्या पहिल्या घासाआधी काय वाटलं असेल, हे लिहिणं सोपं नाही. आजकाल आपल्या मराठी कादंबऱ्यांत श्रद्धाळू माणूस बहुतेक वेळा भोंदू तरी असतो नाहीतर भोळा. श्रद्धा असलेला, कष्टाळू, शहाणा, प्रेमळ पुरुष नायक म्हणून कुठे भेटतो सांगा.

कोकणवारा

तो प्रश्न रास्त आहे, आणि माझ्याकडे पटकन सांगायला नाव नाही. तरी माझा हट्ट सुटत नाही. एक जण शेवटपर्यंत प्रार्थनेला बसत नाही आणि तरीही संसार नीट होतो, अशी एक कादंबरी या प्रकाशनांनी काढावी. पण ती तशी काढणार नाहीत, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाला ती नको आहे. हार्लेक्विन या प्रेमकथांच्या प्रकाशनाने १९९७ मध्ये ख्रिस्ती प्रेमकथांची वेगळी शाखा उघडली, आणि तीच कंपनी दुसऱ्या हाताने भडक शृंगाराच्या मालिकाही विकते. आज हार्लेक्विन आणि झॉन्डरव्हन, थॉमस नेल्सन या ख्रिस्ती प्रकाशनसंस्था, तिन्ही हार्परकॉलिन्सच्या मालकीच्या. नियम देवाचे असतील, पण ते सांभाळायला बाजार बसलेला आहे.

नगरी वाचक

कोकणवारा, तुम्हाला हवी तशी गोष्ट आमच्या नगरात घडलेली आहे, आणि ती कादंबरी नाही. १८९५ ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कोसळल्या. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या परत आल्या, त्या हिंदू म्हणूनच. सोवळं त्यांचं, स्वयंपाक त्यांचा, घर मात्र एक. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला, आणि त्याआधी जातीभेदाबद्दल त्यांच्या स्वतःच्या डोक्यात उलथापालथ होऊन गेलेली होती. 'स्मृतिचित्रे'त हे सगळं आहे, भांडणांसकट.

कोकणवारा

मी 'स्मृतिचित्रे' वाचलंय, आणि माझ्या बाजूने तेच सगळ्यात मोठं पुस्तक आहे! मधल्या वर्षांत लक्ष्मीबाई काय काय सोसतात, किती चिडतात, किती आठवण काढतात. आणि टिळकांच्या अंगणात त्या वेगळं शिजवून जेवतात तेव्हाही ते नवरा-बायकोच असतात. त्या बदलल्या नसत्या तरी ते पुस्तक तेवढंच मोठं राहिलं असतं. कादंबरीवाल्या बायकांना ही मधली वर्षं लिहायचा धीर होत नाही. त्यांना शेवटाची घाई असते.

शब्दसखी

घाई असते, हे खरं. ओकच्या पुढच्या भागांतही ती दिसते. पण मी पडवीचं पान पुन्हा वाचीन, आणि गटात पुन्हा हा विषय काढीन. या वेळी 'लव्ह कम्स सॉफ्टली' आणि 'स्मृतिचित्रे' शेजारी ठेवून.

वसईची लेक

मधुराताई, तुमचा प्रश्न मधेच राहिला. तेरा वर्षांच्या मुलीला ओक बेलाशक द्या. 'रिडीमिंग लव्ह' मात्र अजून चार-पाच वर्षं थांबू दे, त्यात लहान मुलीवरचे अत्याचार आहेत. आणि देताना तिला लग्नाच्या त्या प्रकरणाबद्दल विचारा: एंजलला तेव्हा नाही म्हणता आलं असतं का? ती काय म्हणते ते मला इथे वाचायला आवडेल.