प्रति: आजीच्या कुणबी साडीची पिशवी
आजीच्या जुन्या कुणबी साडीची पिशवी पायमशीनवर शिवावी का, असं विचारलंय. साडी धड असेल तर कात्री लावू नका, नेसा. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा पुढे आणलेली ही लाल चौकड्यांची साडी कापायला माझा तरी हात धजणार नाही. विरली असेल तर खुशाल पिशवी शिवा. मशीनला ११ नंबरची सुई, टाका जरा लांब, आणि आतून नव्या मांजरपाटाचं अस्तर. पिशवीचे बंद अस्तरालाच शिवा, म्हणजे ओझं जुन्या कापडावर येत नाही.

पायमशीन पावसात जड चालते म्हणून खोबरेल घालू नका (आपल्याकडे सगळ्यावर तोच इलाज!). ते चिकटतं. मशीनचंच तेल घाला, मग आधी चिंधीवर चालवून बघा. चामडी पट्टा सैल असेल तर थोडा कापून तारेच्या आकड्याने परत जोडता येतो.