नोकरी सोडून नातेवाईक-मित्रांकडे राहून आलात का? लिहा अनुभव

खिडकीतली_सीट
काल भाचीने फॅमिली ग्रुपवर टाकलं, "पेपर टाकलेत. दुसरी नोकरी इतक्यात शोधणार नाही. आधी तुम्हा सगळ्यांकडे राहायला येणार." खाली लगेच मामा-काकांच्या तोफा सुरू. मला मात्र २०११ आठवलं.

तेव्हा मी पुण्यात एका आयटी कंपनीत होतो. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड कसाबसा काढला, लॅपटॉप-आयकार्ड जमा केलं आणि त्याच आठवड्यात कोल्हापूरला जाऊन महाराष्ट्र एक्सप्रेस धरली. ती पुण्यालाही मिळते, पण मला पहिल्या स्टेशनापासून बसायचं होतं. कोल्हापूर ते गोंदिया तेराशेच्या वर किलोमीटर, आणि गाडी राज्याबाहेर पाऊल टाकत नाही. आमचं गणगोत या एकाच गाडीच्या वाटेवर पसरलंय. मिरजेला मावशी, दौंडला चुलतभाऊ (रेल्वेतच), भुसावळला आत्या, बडनेऱ्याला उतरून अमरावतीत कॉलेजचा मित्र, आणि शेवटी गोंदियाला मोठे काका. टप्प्याटप्प्याने जनरलची तिकिटं काढत गेलो.

भुसावळला आत्याने पहिल्याच रात्री विचारलं, "परत कधी निघतोस?" म्हटलं, ठरवलं नाही. ती जरा चपापलीच. आजवर मी कायम सकाळच्या गाडीने पळणारा. दुसऱ्या दिवशी भरीत, कळण्याची भाकरी, साग्रसंगीत पाहुणचार. तीन-चार दिवसांनी मात्र माझ्या हातात पासबुक आलं, बँकेत जाऊन भरून आण म्हणून. मग मधल्या खोलीतलं कपाट सरकवून झालं, माळ्यावरची पातेली उतरवून झाली. आणि मग एका दुपारी लसूण सोलता सोलता तिने आतेभावाचं आणि तिचं काय बिनसलंय ते सगळं सांगितलं. एका रात्रीच्या पाहुण्याला हे कोण सांगतं?

गोंदियाला काकांनी स्टेशनवरच विचारलं, "काऊन सोडली?" उत्तराची वाट न बघता बॅग उचलली. दुसऱ्या दिवशी पहाटे धानाच्या बांध्यांकडे सारस दाखवायला घेऊन गेले. महाराष्ट्रात सारस बघायचा तर गोंदिया-भंडाऱ्याकडेच जावं लागतं. नोकरीचा विषय परत काढला नाही, मी निघेपर्यंत.

तुमच्यापैकी कोणी असं केलंय का? परदेशातल्या मित्रांकडे गेला असाल तर तेही लिहा.

भटकभवानी
शेगावला कचोरी खाल्ली का ते लिहिलंच नाही. बाकी सगळं नंतर.

खिडकीतली_सीट
खाल्ली हो. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून हात बाहेरच होता.

माहेरवाशीण
माझा अनुभव वेगळा, कारण मी बाई. चौतिसाव्या वर्षी शाळेतली नोकरी सोडली, मुलीला नवऱ्याकडे ठेवलं आणि आधी साताऱ्याला मामाकडे, मग चिपळूणला मैत्रिणीकडे, मग कुडाळला मावशीकडे. प्रत्येक घरात दुसऱ्या दिवशी कोणीतरी मला स्वयंपाकघरात एकटीला गाठायचं आणि हळूच विचारायचं, "तिकडे सगळं ठीक आहे ना गं?" मामींनी तर परस्पर नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मामी, ती फिरायला आलीये, पळून नाही."
कुडाळच्या मावशीला कोणीतरी आधीच सगळं कळवलेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "घावने घालतंय, बस." तिथे सगळ्यात जास्त राहिले

चकलीचा_सोऱ्या
हाहा, पळून नाही!! नवऱ्याला शंभर गुण

रोखठोक
भावनांना हात घालण्याआधी दोन कोरड्या गोष्टी, कारण भाची वाचत असेल तर उपयोग होईल.
१. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते राजीनाम्यानंतर नाही, आधी विचारून घ्या. आईवडील त्यात असतील तर जास्तच.
२. ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात. पाच व्हायला थोडेच महिने राहिले असतील तर मावशीला म्हणावं थोडी थांब. हिशेब असा: शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं.
पीएफ लगेच मोडू नका. बस.

खिडकीतली_सीट
@रोखठोक भाचीला पाठवलं. तिचं उत्तर, "तुमच्या ग्रुपमध्ये पण एक बाबा आहेत का"

माजी_कॅशियर
मी बँकेतून व्हीआरएस घेऊन नर्मदा परिक्रमेला गेले होते. नातेवाईकांकडे जायचं असं डोक्यातही नव्हतं, पण नदीकाठी आमचं अर्धं कुळ निघालं! ओंकारेश्वरहून निघालो. मैया कायम उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही. फक्त समुद्राजवळ विमलेश्वरहून नावेने मिठी तलाईला जातात तेवढंच. रस्त्यात कुठे आश्रमात मुक्काम, कुठे सदावर्ताचा शिधा घेऊन आपणच शिजवायचं. पायाला फोड, त्यावर चिकटपट्टी, चालू.
तर जबलपूरला माझे थोरले चुलतदीर राहतात. लग्नात बघितलेले, नंतर कधी नाही. आमचे हे म्हणाले जाऊन ये, मी म्हटलं परिक्रमेच्या कपड्यात कशी जाऊ. गेले. दार उघडलं, आणि त्या ऐंशीच्या माणसाने मला पाटावर बसवून परात आणून माझे पाय धुतले. मी ओरडतेय, भाऊजी अहो काय करताय, तुम्ही मोठे. ते म्हणाले, "आज तू सून नाहीस, परिक्रमावासी आहेस." सासरी ज्यांच्यासमोर पदर सांभाळत बसायचं ते. आमच्या सासूबाई असत्या तर काय झालं असतं देव जाणे.
जेवायला बाजरीची भाकरी आणि आमटी, आणि जबलपूरचं हिंदीमिश्रित मराठी. "थोडा और घ्या ना काकू" अशी त्यांच्या सूनबाईची चाल. नर्मदे हर.

भटकभवानी
नर्मदे हर ताई 🙏 माझ्या यादीत आहे. एकटीने गेलात? चातुर्मासात थांबावं लागतं ना?

माजी_कॅशियर
हो, चातुर्मासात एका ठिकाणी मुक्काम करतात. आम्ही चौघी होतो. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

पावशेर
आमच्या घरात "नोकरी गेली आणि नातेवाईकांकडे गेलो" ही गोष्ट वेगळी आहे, लिहू की नको असं चाललं होतं.
बाबा परळच्या गिरणीत. जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं आठ-पंधरा दिवसांत मिटेल. पगार बंद, वाण्याची उधारी बंद. बाबांनी आम्हा तिघा भावंडांना घेऊन गावं फिरायला सुरुवात केली. आम्हाला सांगितलं सुट्टी आहे, फिरायला चाललोय. संगमेश्वरला आजोळी मला ठेवलं, पाटणजवळ काकांकडे दादाला, ताईला आत्याकडे. प्रत्येक ठिकाणी बाबा दोन दिवस राहायचे, शेतात पडेल ते काम करायचे आणि तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही झोपेत असताना निघायचे.
मामीने मला एकदाही परकं वाटू दिलं नाही. शाळेत घातलं, पाटी आणली. पण मे महिन्यात मुंबईची बाकीची भावंडं आंबे खायला आली आणि जूनमध्ये परत गेली तेव्हा मी एसटीच्या मागे धावलो होतो.
बाबांची गिरणी परत उघडली नाही. त्यामुळे हे हौसेने नोकरी सोडून फिरणं वाचताना मला मजाही वाटते आणि थोडं हे पण होतं. राग नाहीये कुणावर.

खिडकीतली_सीट
पावशेर, बरं केलंत लिहिलंत. भाऊ-बहीण परत एकत्र कधी आलात?

पावशेर
दादा दहावीनंतर. ताई आत्याकडेच वाढली, तिचं लग्नही त्यांनीच केलं. आजही आत्याला आई म्हणते, आणि आमच्या आईला ते चालतं.

माहेरवाशीण
😢 आत्याबाईंना नमस्कार

लालबागची_शेजारीण
आमच्या चाळीत पण अगदी हेच. आईने पापड लाटले, मेणबत्त्या केल्या. खरंच त्या वर्षी अर्धी चाळ रिकामी, सगळी पोरं गावी. पाटणजवळ म्हणजे कुठलं गाव? आमचे पण तिकडचेच.

पावशेर
ढेबेवाडीकडे. खासगी निरोप पाठवतो.

हिमांकाखाली
मी कोविडनंतर नोकरी सोडून अमेरिकेत मित्रांकडे गेलो होतो. तीन घरं, सगळी उपनगरांत. लोकांना वाटतं मजा. सकाळी साडेसातला नवरा-बायको दोघं ऑफिसला, पोरं शाळेच्या पिवळ्या बसमध्ये, आणि घरात मी आणि डिशवॉशर. फुटपाथ संपतो तिथे जग संपतं, गाडीशिवाय दूध पण मिळत नाही. न्यू जर्सीत एडिसनला तरी बरं, ओक ट्री रोडपर्यंत चालत जाता यायचं, वडापाव आणि मराठी माणसं दोन्ही दिसायची.
पण एका मित्राच्या आईवडिलांची ओळख झाली, तेही सहा महिन्यांसाठी आलेले. त्यांची आणि माझी अवस्था सारखीच! काकांबरोबर रोज दुपारी पत्ते. काकूंनी एकदा सरळ सांगितलं, "मुलगा चांगला आहे रे, पण आम्ही आल्यापासून त्याच्याशी उभ्या उभ्याच बोलतोय." मी हे मित्राला सांगितलं नाही. अजून नाही.

रोखठोक
व्हिसाचं काय केलंत? नोकरी नसताना?

हिमांकाखाली
अमेरिकेचा आधीचा दहा वर्षांचा होता, त्यामुळे निभावलं. बहिणीकडे जर्मनीला जायचं होतं तेव्हा खरी मजा. शेंगेनवाले (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) नोकरीचं पत्र, रजेचं पत्र मागतात. सरळ लिहून दिलं की नोकरी सोडली आहे, सोबत तीन वर्षांचे आयटीआर, बँकेचं स्टेटमेंट, बहिणीचं अधिकृत हमीपत्र, इथल्या घराचे कागद. मिळाला. तरी लक्षात ठेवा, १८० दिवसांत ९० च दिवस, सगळ्या शेंगेन देशांचे मिळून. बहिणीकडे जास्त राहण्याचा मोह झाला तरी.

चकलीचा_सोऱ्या
बहीण ९० दिवस ठेवून घेते? आमची तिसऱ्या दिवशी विचारते भांडी कोण घासणार

चिंचगुळ
मी नातेवाईकांकडे नाही गेले, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या माहेरी गेले, तंजावरला. ती तंजावरची मराठी. तिथे व्यंकोजीराजांपासून भोसल्यांचं राज्य होतं हे शाळेत एका ओळीत होतं, पण तिच्या आजीने दारात माझ्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली तेव्हा अंगावर काटा आला. अर्धं कळलं, अर्धं तमिळ ढंगात निसटलं. आजीला माझं मराठी "फार घाईचं" वाटलं!
बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, सरफोजीराजांच्या काळातला, १८०३ चा. मैत्रीण लहानपणापासून त्या भिंतीजवळ खेळलेली, तिने कधी वाचला नव्हता. आम्ही दोघी उन्हात उभं राहून अक्षरं लावत बसलो, रखवालदार दोनदा येऊन बघून गेला. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे कागद आहेत, मला मोडी येत नाही याचं पहिल्यांदा वाईट वाटलं.
नोकरी चालू असती तर शनिवार-रविवारात देऊळ बघून परतले असते. आजी राहिलीच असती.

झाडीपट्टी
गोंदियाचं वाचून राहवलं नाही. मी वडसा देसाईगंजचा. दिवाळीनंतर या कधीतरी, रात्र-रात्र नाटकं चालतात गावोगावी, आणि नाटकाच्या निमित्ताने पाव्हणे पण. आमच्याकडे पाव्हणा "किती दिवस?" असं विचारतच नाहीत, नाटक किती हायेत ते विचारतात. एका हिवाळ्यात पुण्याचा मावसभाऊ नोकरी सोडून आला, सायकलस्टँडवर पावत्या फाडाले बसला, मग हंगाम संपेपर्यंत गेलाच नाही. आता परत नोकरीत आहे पण दरवर्षी रजा टाकून येते.

खिडकीतली_सीट
@झाडीपट्टी काका न्यायचं म्हणत होते, तेव्हा हंगाम नव्हता.

माहेरवाशीण
कोणी एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास वापरलाय का हल्ली? चार दिवसांचा आणि सात दिवसांचा असतो ना? बायकांना आता अर्धं तिकीट आहे तर पास परवडतो का

बडोदेकर
अर्धं तिकीट २०२३ पासून आहे. लांब लांब फिरणार असाल तर पास, एकाच मामाकडे बसणार असाल तर नको. आगारात दर विचारा, बदलतात.
आणि बडोद्याला कोणी येत नाही का हो? आमच्याकडे पण मराठी माणसं राहतात. सेव उसळ खाऊ घालतो.

भटकभवानी
सेव उसळ म्हणजे मिसळच ना

बडोदेकर
हे लिहून तुम्ही बडोद्याचा मुक्काम गमावलात.

चकलीचा_सोऱ्या
😂😂 @खिडकीतली_सीट अमरावतीच्या मित्राकडचं काहीच लिहिलं नाही तुम्ही. पाटवडी रस्सा तरी?

खिडकीतली_सीट
त्याच्या आईने केला होता. वड्या थापून वर खसखस आणि सुकं खोबरं, रस्सा इतका तिखट की मी वडीच खात बसलो.

माजी_कॅशियर
आले परत. पाटवडी करताना बेसन गुठळी धरतं, काय करता कोणी?

झाडीपट्टी
आधी थंड पाण्यात कालवून घ्या ताई, मग फोडणीत ओता. आणि ढवळणं सोडू नका, फोन आला तरी.